वजन ३८ किलो

सुपात गोळ्या ओतल्या आहेत. ओसरी कालच सारवलेली, म्हणून जमिनीवर काही ओतायला आजींनी सक्त मनाई केली आणि आतून स्वतःच सूप आणून ठेवलं. डोळखांबच्या पुढे डेहण्याच्या अंगाला ही वाडी. पूर्वेला आजापर्वताची भिंत उभी असल्यामुळे उजाडलं तरी ऊन इथे उशिराच उतरतं. वाडीच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, मोबाइलची बॅटरी धरून बसल्या आहेत आणि मी एकेक पाकीट उजेडात नेऊन वाचतोय. हळवं भात कापून झालंय, गरवं अजून शेतात उभं आहे. आजींचा मुलगा कापणी अर्धी टाकून आज आईला मुंबईला नेणार आहे. त्याचा एक डोळा सुपावर, एक डोळा शेताकडे आहे.

माझी नोकरी औषध निर्माता म्हणून गेली. निवृत्त झाल्यापासून गावात माझा उपयोग एवढाच : कोणाला चिठ्ठी लागली नाही की माझ्याकडे यायचं. आज आशाताईंनीच बोलावलंय. मुंबईच्या इस्पितळातून त्यांना निरोप आला आहे की येताना पेशंट जे जे घेते ते सगळं आणा. कागद नको, प्रत्यक्ष औषधं हवीत.

‘सगळं’ म्हणजे काय ते आता सुपात दिसतंय. अ‍ॅम्लोडिपिन, रक्तदाबाची, डोळखांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून दर महिन्याला मिळणारी. तिचं पाकीट नीट, नाव नीट, मुदतही नीट. अ‍ॅस्पिरिन ७५, ठाण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली. मागे आजींची जीभ अडखळली होती आणि उजवा हात काही तास लुळा पडला होता, तेव्हापासूनची. पॅरासिटामॉल. चुरगळलेली एक मलमाची ट्यूब, जिच्यावर गजकर्णाचं चित्र आहे. वैदूने दिलेली हिरवट पूड, कागदात. आणि वर्तमानपत्राच्या पुडीत तीन प्रकारच्या सुट्या गोळ्या : एक लाल, एक पिवळी कॅप्सूल, एक बारीक पांढरी. पांढरीच्या मागे पट्टीचा कापलेला तुकडा आहे, पण नाव ज्या बाजूला छापलेलं असतं ती बाजू दुकानदाराकडे राहिली आहे.

“ही कशाची, आजी?”

“गुडघ्याची. बाजारात बसतो ना, त्यो डाक्टर देतो.”

“घेतल्यावर किती दिवसांत बरं वाटतं?”

“दुसऱ्याच दिशी. उठून चालाया लागते. भूकबी लागते.”

दुसऱ्याच दिवशी. भूक. मी आजींच्या चेहऱ्याकडे बघतो. अंगावर मांस नाही, हाताच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या आणि गाल मात्र गोल, तुकतुकीत. पांढऱ्या गोळीचं नाव मी सांगू शकत नाही, कोणीच नुसतं बघून सांगू शकणार नाही. संशय मात्र सांगता येतो. आशाताईंना वहीत लिहायला सांगतो : नाव नसलेली पांढरी गोळी, रोज एक, पावसाळ्याआधीपासून, स्टेरॉइड असावं. ट्यूबचं नाव मात्र वाचता येतंय आणि त्यातही स्टेरॉइड आहे. खाज सुटली की दुकानदार हीच ट्यूब हातात ठेवतो. खाज थांबते, कातडी पातळ होत जाते आणि खाली जे चाललंय ते झाकलं जातं.

खाली चाललं होतं ते असं. आजींच्या उजव्या कुशीवर, जिथे लुगड्याचा पहिला वेढा घट्ट बसतो नेमकी त्या रेषेवर, आधी काळा पट्टा पडला. तो सगळ्याच म्हाताऱ्यांना असतो, त्याला कोणी विचारत नाही. मग खाज, मग सालं, मग रुपयाएवढी जखम. जखम भरायची आणि पुन्हा फुटायची. मलम झालं, पूड झाली. शेवटी उपकेंद्राच्या सिस्टरांनी रक्तदाब मोजताना लुगड्यावरचा डाग पाहिला आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथून शहापूर, तिथून मुंबई. जखमेच्या कडेचा तुकडा तपासला गेला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर.

वाडीत कोणाचा यावर विश्वास बसत नाही. कॅन्सर तंबाखूचा असतो, तोंडात असतो. कमरेला कसा होईल? पण ही ओळख जुनी आहे आणि ती करून दिली ती आपल्याच मुंबईने. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं आणि तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये जो निबंध छापला, त्यात घट्ट नेसलेल्या धोतराच्या रेषेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी काच, घाम, घासणं. कातडी तुटते, भरते, तुटते, आणि या भरण्या-तुटण्यात कधीतरी पेशी बिघडतात. पुढे परकराच्या नाडीखालच्या अशा जखमांच्या नोंदी येत राहिल्या. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध बायकांची हकिगत ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात दिली. त्यातली एक आमच्या आजींसारखीच परकर न घालता लुगडं कसून नेसणारी होती आणि तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. आजींच्या जांघेत गाठ नाही. सोनोग्राफी झाली आहे.

सूप आवरता आवरता मला अ‍ॅस्पिरिनच्या पट्टीत जास्त गोळ्या दिसतात. तारखेप्रमाणे इतक्या उरायला नकोत.

“चार दिस बंद केली,” मुलगा म्हणतो. “रक्त पातळ करते ना ती. टेबलावर रक्त थांबणार नाय, असं सांगितलं एकानं.”

असं सांगणारा ‘एक’ प्रत्येक गावात असतो, आणि त्याचा हेतू चांगलाच असतो. आशाताई तिथूनच इस्पितळात फोन लावतात आणि स्पीकर चालू करतात. पलीकडे तरुण बाईंचा आवाज आहे, घाईतला पण न चिडलेला.

“आजच्या आज सुरू करा,” डॉक्टर म्हणतात. “दादा, ऐका. कातडीच्या ऑपरेशनात रक्त माझ्या डोळ्यांसमोर असतं. दाबून धरता येतं, कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने, बंद करता येतं. मेंदूत गुठळी अडकली तर तिथे मला बोट ठेवता येणार नाही. पोटाचं, मेंदूचं मोठं ऑपरेशन असतं तर कदाचित मीच थांबवायला सांगितली असती. पण ते मी सांगायचं. तुम्ही घरी ठरवायचं नाही.”

मग पांढऱ्या गोळीचं विचारतात. मी माझा संशय सांगतो. क्षणभर शांतता. “तीही अचानक बंद करू नका. स्टेरॉइड असेल तर शरीर स्वतःचं बनवणं विसरलेलं असतं. एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळतो. उद्या सकाळी नेहमीसारखी द्या, नंतर हळूहळू कमी करू. पुडी सोबत आणा. आणि उपाशी ठेवू नका त्यांना, जागा बधिर करून करायचंय. भाकरी खाऊन येऊ देत.”

मुलगा आईकडे बघतो. त्याने आज रात्रीपासून उपास ठरवून ठेवला होता.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जीपमध्ये आजी पुढे, आम्ही मागे. शहापूर, आसनगाव, लोकल. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईची धरणं याच तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत. मुंबईला इथून पाणी जातं, आणि रुपयाएवढी जखम कापायला इथला माणूस त्या पाण्यामागून मुंबईला जातो. शहापूरलाच हे झालं असतं तर, असं मी मनात म्हणतो. कापणं झालंही असतं. पण कापलेल्या तुकड्याच्या कडा तपासणारं कोणीतरी लागतं.

वॉर्डात रात्र गेली. आता सकाळचे आठ. सिस्टर खाटेशी उभ्या आहेत, हातात आजींची फाइल.

“नाव सांगा आजी.”

“तुमाला म्हाईत हाय ना? लिवलंय ना?”

“लिहिलंय, पण तुमच्या तोंडून हवं.”

आजी नाव सांगतात, नवऱ्याचं नाव घेताना लाजतात. मग काय कापणार, कुठल्या बाजूचं. आजी उजव्या कुशीवर हात ठेवतात. डॉक्टरीणबाई येऊन तिथे जांभळ्या पेनाने बाण काढतात.

“कधी कुठल्या सुईने, गोळीने त्रास झाला होता?”

“नाय.”

सिस्टर फाइल मिटत नाहीत. तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतात. “सुई दिल्यावर अंगाला खाज, पुरळ, तोंड सुजणं?”

“पोरगा झाला तवा दिली व्हती सुई. अंगभर गांधी उठल्या. पण ते लई जुनं.”

पोरगा आता चाळिशीचा आहे. कुठली सुई होती ते कोणालाच ठाऊक नाही, बहुधा पेनिसिलिनच्या कुळातली. सिस्टर फाइलवर लाल शाईने लिहितात आणि आजींच्या मनगटावर लाल पट्टी बांधतात. त्यांनी पहिल्या ‘नाय’वर फाइल मिटली असती तर? आमच्याकडे ‘अ‍ॅलर्जी आहे का’ असं विचारलं की माणूस नाहीच म्हणतो. गांधी उठल्या का, म्हटलं की आठवतं.

“वजन?”

कागदावर ५० लिहिलं आहे. वाटेत कुठल्यातरी खिडकीवर कोणीतरी आजींकडे बघून अंदाजाने टाकलेला आकडा. गोल चेहऱ्याने फसवलं असणार. सिस्टर आधी आजींना इस्पितळाचा हिरवा झगा घालायला लावतात. लुगडं सोडायला आजी तयार नाहीत, तिथे पाच मिनिटं जातात. मग काटा. काटा ३८ वर थांबतो. सिस्टर ५० वर आडवी रेघ मारून वर ३८ लिहितात, सही करतात, वेळ टाकतात.

हा १२ किलोंचा फरक वाचकांनी जरा माझ्याबरोबर मोजून बघावा. बधिर करायचं औषध लिग्नोकेन. साधं असेल तर किलोला साधारण साडेचार मिलिग्रॅम, त्यात अ‍ॅड्रिनलीन मिसळलेलं असेल तर सात, ही वरची हद्द. काही पुस्तकं साध्या औषधाला तीनच म्हणतात. बाटलीवर लिहिलेलं असतं ‘२ टक्के’. मिलिग्रॅम मनात करायचे असतात : २ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २०. साधं औषध ५० किलोंच्या बाईला सव्वाअकरा मिलिलिटरपर्यंत चालेल, ३८ किलोंच्या बाईला साडेआठच. बाटली असते ३० मिलिलिटरची, म्हणजे तीत ६०० मिलिग्रॅम. आजींसाठी साध्या औषधाची हद्द १७१. थोडक्यात, कोपऱ्यात निरुपद्रवी दिसणाऱ्या त्या बाटलीत आजींच्या साडेतीनपट मर्यादा भरलेली आहे. जास्त झालं किंवा चुकून शिरेत गेलं तर आधी ओठ बधिर होतात, तोंडात धातूची चव येते, कानात गुणगुणतं. मग झटके, मग हृदय. वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्या चाळीस किलोंच्या आतबाहेर वजनाच्या असतील. त्यांच्या अंगावर शहरी अंदाज चालत नाही.

ऑपरेशन थिएटर लहानच आहे. मला झगा, टोपी, मास्क देऊन भिंतीला खिळून उभं राहायला सांगितलंय. काही हात लावायचा नाही. आजी डाव्या कुशीवर निजल्या आहेत. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा, हातात शिरेची सुई. मॉनिटरची टिक-टिक. भूलतज्ज्ञ या टेबलावर नाहीत. म्हणूनच एक सिस्टर फक्त आजींच्या डोक्याशी स्टूल घेऊन बसल्या आहेत. त्यांना दुसरं काहीही काम सांगायचं नाही असा इथला दंडक आहे.

भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची यादी लावली आहे, २००८ ची. १९ मुद्दे, तीन थांबे : भूल देण्याआधी, कापण्याआधी, रुग्ण बाहेर नेण्याआधी. आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून बघितली, त्यांत दिल्लीचंही एक होतं. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आले. एका कागदाने. मात्र कागद भिंतीवर असणं आणि तोंडात असणं यांत फरक आहे, हेही मी नोकरीत पुष्कळ पाहिलं. इथे तो तोंडात आहे. सगळ्यांत धाकट्या सिस्टर मोठ्याने वाचताहेत आणि डॉक्टरीणबाई हात जोडून उभ्या राहून उत्तरं देताहेत.

“रुग्णाचं नाव.” “बरोबर.” “बाजू.” “उजवी कूस, खूण दिसतेय.” “अ‍ॅलर्जी.” “पेनिसिलिनचा संशय.” “अँटिबायोटिक.” “जखम उघडी आहे म्हणून एक डोस, सेफॅझोलिन नाही, क्लिंडामायसिन. दिला?” “अर्ध्या तासापूर्वी.” “रक्त पातळ करणारं औषध.” “अ‍ॅस्पिरिन चालू. कॉटरी तयार.” “स्टेरॉइड.” “संशय आहे. सकाळची गोळी घेतली. साखर?” “एकशे छप्पन्न.” “वजन.” “अडतीस.”

सुपातली पुडी, गुडघ्याचा बाजारातला डॉक्टर, चाळीस वर्षांपूर्वीची सुई, सगळं या दोन मिनिटांत टेबलाशी येऊन उभं राहिलंय.

आता औषध भरायचं. ट्रॉलीवर बघण्यासारखं आहे. लिग्नोकेन पाण्यासारखं, सलाइन पाण्यासारखं आणि कापलेला तुकडा ज्यात बुडवायचा ते फॉर्मॅलिनही पाण्यासारखंच. वाटीत ओतल्यावर तिन्ही सारखी दिसतात. भुलीच्या औषधाऐवजी फॉर्मॅलिन टोचलं गेल्याचे अपघात जगात नोंदलेले आहेत. ऊती जागच्या जागी जळतात. इथे फॉर्मॅलिनची डबी या ट्रॉलीवर नाहीच. ती दाराजवळच्या वेगळ्या टेबलावर आहे आणि तिच्यावर आजींचं नाव आधीच चिकटवलेलं आहे. सिस्टर अ‍ॅड्रिनलीन मिसळलेली लिग्नोकेनची बाटली उचलतात, नाव आणि मुदत मोठ्याने वाचतात, डॉक्टरीणबाईंना दाखवतात. निम्मं औषध, निम्मं सलाइन. २ टक्क्यांचं १ टक्का झालं. सिरिंज भरली की लगेच तिच्यावर पट्टी : लिग्नोकेन १ टक्का, अ‍ॅड्रिनलीनसह. नाव नसलेली सिरिंज ट्रॉलीवर ठेवायची नाही, कोणाच्या हातात असली तरी फेकायची.

“हद्द किती?” डॉक्टरीणबाई विचारतात.

“दोनशे सहासष्ट मिलिग्रॅम. या पातळ औषधाचे साधारण सव्वीस मिलि,” धाकट्या सिस्टर सांगतात. गणित त्यांनी फळ्यावर करून ठेवलंय. त्याच फळ्यावर खाली आणखी एक आकडा आहे : ५७. कपाटात दुधासारख्या पांढऱ्या स्निग्ध द्रावणाची बाटली ठेवलेली असते, लिग्नोकेन अंगात चढलं तर शिरेतून देण्यासाठी. पहिला डोस किलोला दीड मिलिलिटर. ३८ ला ५७. झटके आल्यावर कोणाला गुणाकार सुचत नाही, म्हणून तो आधीच करून ठेवायचा.

जागा पोव्हिडोन आयोडीनने पुसली जाते. स्पिरिट वापरलं नाही. वापरलं तर ते पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी लावायची नसते, ठिणगीने चादर पेटते.

“आजी, जरा टोचेल.”

“टोचू दे. विंचू चावलाय मना.”

डॉक्टरीणबाई सुई आत घालतात, दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघतात, मग औषध सोडतात. थोडं सोडायचं, थांबायचं, पुढे सरकायचं. जखमेभोवती चौफेर फुगवटा उठतो, कातडी पांढरी पडत जाते. डोक्याशी बसलेल्या सिस्टर बोलत राहतात. वरकरणी गप्पा आहेत, पण प्रश्न मोजून आहेत.

“आजी, भात किती होतं?”

“यंदा बरं हाय. पाऊस लांबला नाय.”

“तोंडात कसली चव येतेय का? लोखंडासारखी?”

“मशेरी लावली नाय सकाळपासून, कसली चव येनार?”

सगळे हसतात, मॉनिटरकडे बघत. रक्तदाब १५० च्या वर चढतो, थोडा वेळ तिथेच राहतो. अ‍ॅड्रिनलीनचा परिणाम. हाही एक हिशेब आहे : अ‍ॅड्रिनलीनने रक्तस्राव कमी होतो आणि औषध जागेवर टिकतं, पण मेंदूचा झटका येऊन गेलेल्या बाईच्या रक्तदाबाला ते ढोसतं. म्हणून पातळ केलं, म्हणून सावकाश. १६ मिलिलिटर गेलं, म्हणजे १६० मिलिग्रॅम. आकडा सिस्टर फळ्यावर लिहितात. डॉक्टरीणबाई सिरिंज ठेवतात आणि हात छातीशी धरून नुसत्या उभ्या राहतात. घड्याळात दहा मिनिटं जाईपर्यंत पात्याला हात लावत नाहीत. नवशिका लगेच कापायला घेतो, रुग्णाला दुखतं, मग तो आणखी औषध टोचतो. हद्द बहुतेक वेळा अशीच ओलांडली जाते.

पुढचं कापणं अर्ध्या तासाचं आहे. जखमेच्या कडेपासून आणखी सेंटिमीटरभर निरोगी दिसणारी कातडी धरून लांबट डोळ्याच्या आकाराचा तुकडा निघतो. रक्त येतं, अ‍ॅस्पिरिनमुळे जरा जास्तच. गॉज दाबून धरतात, कॉटरी दोनदा चरचरते, थांबतं. मुलाने ज्याची चार दिवस भीती बाळगली ते एवढंच होतं. तुकड्याच्या डोक्याकडच्या टोकाला डॉक्टरीणबाई एक काळा धागा बांधतात, म्हणजे तपासणाऱ्याला वरची बाजू कळेल. कुठल्या कडेला रोग उरला ते सांगता आलं नाही तर पुन्हा सगळंच कापावं लागतं. तुकडा दाराजवळच्या टेबलावर जातो. डबीवरचं नाव पुन्हा मोठ्याने वाचलं जातं, या वेळी आजी स्वतःच ‘हां’ म्हणतात.

मधेच टाके घालताना आजी कण्हतात. डॉक्टरीणबाई थांबतात. “अजून चार मिलि. एकूण किती?” “वीस. दोनशे मिलिग्रॅम.” मग टोचतात. आधी बेरीज, मग सुई.

तिसरा थांबा. सुया, गॉज मोजले. डबी, चिठ्ठी जुळली. नंतर काय द्यायचं : पॅरासिटामॉल, वजन बघून. डायक्लोफिनॅक नाही, कारण अ‍ॅस्पिरिनच्या जोडीने ते पोटात रक्तस्राव करू शकतं आणि या वयात मूत्रपिंडाला झेपत नाही. अँटिबायोटिक पुढे नाही.

बाहेर मुलगा हे ऐकून नाराज होतो. “पाच दिवसांच्या तरी लिहून द्या ना मॅडम. येवढं मोठं कापलंय.” त्याच्या लेखी कमी गोळ्या म्हणजे अर्धवट इलाज. डॉक्टरीणबाई त्याला खाली बसवतात आणि समजावतात की एक डोस कापण्याआधी गेला, तो कामाचा. नंतरचे पाच दिवस फक्त जुलाब देतील. तो मान हलवतो. पटलं असेल असं मला वाटत नाही. गावी गेल्यावर तो दुकानातून लाल-पिवळ्या कॅप्सूल आणेल अशी शंका येऊन मी आशाताईंना फोनवर आधीच सांगून ठेवतो.

सुट्टीच्या कागदावर मी नजर फिरवतो. वजन ३८ किलो. पेनिसिलिनचा संशय. अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅम्लोडिपिन चालू. पांढऱ्या गोळीच्या जागी नाव असलेलं स्टेरॉइड, दर आठवड्याला कमी करत न्यायचं, तारखांसकट. गजकर्णाची ट्यूब बंद. टाके बारा-चौदा दिवसांनी डोळखांबच्या आरोग्य केंद्रात काढायचे. कडांचा अहवाल आला की पुन्हा मुंबई, मग दर तीन महिन्यांनी कूस आणि जांघ तपासायची. लुगडं सैल, आणि रोज त्याच रेषेवर नाही.

“सैल नेसलं तर आवनीत सुटंल,” आजी म्हणतात. सिस्टर रुंद कापडी पट्टा दाखवतात. आजी तो हातात घेऊन उलटासुलटा बघतात आणि किंमत विचारतात.

ज्यांच्या घरी लुगडं, साडी, धोतर किंवा नाडी कसून बांधणारं वडीलधारं माणूस आहे, त्यांनी एकदा त्याची कंबर उजेडात बघावी. महिना-दीड महिना न भरलेली जखम असेल तर तिला मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन ठरलं तर घरातलं झाडून सगळं औषध, पुडीतलंसुद्धा, पिशवीत घालून न्या, आणि काट्यावर उभं केल्याशिवाय कोणी वजन लिहीत असेल तर हटकून सांगा की आधी वजन करा. दुकानदाराने पट्टी कापली तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. औषधाने काही वावगं झालं तर देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-१८०-३०२४. तिथे डॉक्टरच नाही, रुग्ण आणि नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात.